बाजारच्या दिवशी डायक्स्ट्रा

सेकंड इयरला डेटा स्ट्रक्चर्स सुरू झालं आणि सुट्टीत सुरगाण्याला आल्यावर लोकांचे मोबाइल बघणं मी बंद केलं. येत तर आधीही नव्हतं, पण आता नकाराला शास्त्रीय आधार मिळाला. "आम्ही यंत्र नाही, विचार करायची पद्धत शिकतो." लग्नाच्या पंगतीत वाढप्यांकडे बघून मी 'ओ ऑफ एन स्क्वेअर' असं पुटपुटायचो. कुणी काही विचारेना, तेव्हा जरा मोठ्याने पुटपुटू लागलो.

वर्गात हा रुबाब चालत नसे. तिथे लिंक्ड लिस्टचा प्रोग्रॅम निळ्या पेनाने कागदावर लिहायचा आणि विसरलेल्या सेमीकोलनचे गुण घालवायचे. घरी कोकणा बोली, शाळेत मराठी आणि कॉलेजात एकदम इंग्रजी. आमच्याकडची डोकेबाज पोरं तोंडी परीक्षेत गप्प उभी राहतात आणि समोरचा समजतो, याला पॉइंटर कळला नाही. याचा मला अजून राग येतो.

असो. माझा जीव जडला तो डायक्स्ट्रावर. १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये हा गृहस्थ होणाऱ्या बायकोबरोबर खरेदीला गेला, दमून कॉफी प्यायला बसला आणि वीस मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय, सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची रीत काढून मोकळा झाला. छापली तीन वर्षांनी. (ती बाई तेवढा वेळ काय करत होती, हे कुठल्याच नोट्समध्ये नाही.) रीत सोपी: सगळ्यात कमी खर्चात गाठता येणारं गाव पक्कं करायचं, तिथून पुढचं बघायचं; पक्क्या गावाचा पुन्हा विचार नाही.

काकांची जीप सुरगाणा–बोरगाव चालते. पुढच्या सीटवर बसून मी त्यांना हे सगळं समजावलं. नकाशासुद्धा काढला: बोरगाव, हतगड, वणी, दिंडोरी, नाशिक.

"खर्च म्हणजे डिझेल ना?" काका म्हणाले. "मग लांबच्या फाट्यावर सहा माणसं उभी असली तर? डिझेल जाऊन वर पैसे उरतात. त्या रस्त्याचा खर्च काय लिहिशील?"

उणे. आणि उणे खर्च आला की डायक्स्ट्राची हमी संपते, कारण पक्कं केलेलं गाव त्या लांबच्या रस्त्याने आणखी स्वस्त पडू शकतं. हॉलंडच्या सपाट रस्त्यांवर त्याला वडाप भेटलं नसावं. मी घाईघाईने बेलमन-फोर्डची रीत पुढे केली. त्यात गावांच्या संख्येपेक्षा एक कमी इतक्या वेळा सगळे रस्ते पुन्हापुन्हा तपासायचे. त्यानंतरही खर्च उतरतच असेल, तर कुठेतरी उणे फेरा आहे: फिरत राहा, कमावत राहा. अशा ठिकाणी सगळ्यात स्वस्त रस्ता नसतोच.

"बाजारच्या दिवशी मी दुसरं काय करतो?" काका म्हणाले.

माझ्या नाशिकच्या खोलीचं भाडं याच फेऱ्यातून जातं. पुस्तकात त्या जागी 'उत्तर नाही' असं लिहिलंय. हे कळल्यावर मी थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो, तर मागून कुणीतरी फोन पुढे केला. "पोरा, आवाजच येत नाही बघ."

"तो विचार करायची पद्धत शिकतो," काकांनी परस्पर सांगून टाकलं. "तू मागच्यांचं भाडं घे रे."

घेतलं. बोरगावला काकांनी ते पुन्हा मोजलं.