विषय : अर्जदार अद्याप हयात असल्याबाबत

प्रति,
निराधारांच्या सेवेत सुधारणा घडवून आणणारे सर्व माननीय,
मुक्काम : फ्लेक्सवर.

महोदय,

वरील विषयास अनुसरून नेकनूरच्या एका आजीच्या वतीने विनंती अर्ज सादर करतो. आजीला लिहिता येत नाही आणि मला दुसरं काही येत नाही, म्हणून बाजाराच्या दिवशी चिंचेखाली बसून मी लोकांचे अर्ज लिहितो.

पहिल्यांदा अभिनंदन. 2025 च्या जानेवारीपासून सरकारी कार्यालयांच्या सुधारणेचा शंभर दिवसांचा कार्यक्रम झाला. संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रारींचा निपटारा, आलेल्या माणसाला बसायला जागा, प्यायला पाणी, असं सगळं त्यात होतं. भारतीय गुणवत्ता परिषदेनं कार्यालयांना मार्क दिले आणि 1 मे ला निकाल लागला. मार्क द्यायला आजीला कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी उपयोग नव्हता म्हणा, तिचा अंगठा उमटत नाही.

अंगठ्याची हकीकत अशी. आजीनं आयुष्यभर ऊस तोडला. पाचट सोलून, मोळ्या बांधून बोटं अशी झाली आहेत की रेषा शोधायला भिंग लागावं. हयातीची नोंद घ्यायला बसलेल्या मशिनवाल्या पोरानं आधी अंगठा पदराला पुसायला लावला, मग खोबरेल लावलं, मग पुन्हा पुसायला लावला. मशीन लाल ते लालच. शेवटी म्हणाला, "चेहऱ्यानं करू. आज्जी, डोळ्यांची उघडझाप करा." मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा डोळा तो, त्यातून नुसतं पाणी यायला लागलं. "आज्जी, हयात दिसत नाही तुम्ही," पोरगं म्हणालं. आजी म्हणाली, "आरं, मेले आसते तर उन्हातान्हात इथवर आले आसते का?" हे उत्तर भरायला त्या मशिनमध्ये रकाना नव्हता.

ज्या योजनेच्या पैशांसाठी ही हयातीची खटपट, तिचं नाव श्रावणबाळ. आमच्याकडचा श्रावणबाळ दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल फेडायला बायकोसह कारखान्याकडे जातो आणि नातवंडं आजीच्या पदरात टाकून जातो. कावड असते, फक्त वाहणारा बदललेला असतो. तेव्हा आजीला गाडीवर बसवून नेईल असा घरातला जाणता माणूस पाचसहा महिने गावातच नसतो.

आता थेट लाभाबद्दल. 2024 च्या डिसेंबरपासून पैसे थेट आधारच्या खात्यात येऊ लागले, मधली माणसं गेली. खोटं कशाला बोलू, काही महिने ते खरंच आले. पण थेट म्हणजे कुठे? आधार ज्या बँकेला शेवटचं जोडलं, तिथे. आजीकडे पासबुकं तीन. एक बचत गटाचं, एक जनधनचं, आणि एक कशाचं ते तिलाही आठवत नाही. दर महिन्याला तिन्ही घेऊन तीन दारं फिरायची. पूर्वी मधल्या माणसाला चहापाणी द्यावं लागे, हे कबूल. पण त्याला निदान "माझे पैसे कुठं गेले?" एवढं विचारता तरी येत होतं. आता मध्ये विचारायलाही कुणी नाही.

आकड्यांचंही सांगून टाकतो. 2023 च्या जुलैपासून महिन्याला 1500 रुपये झाले, त्याआधी 1000 होते. वाढ चांगलीच. पण मिळण्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत पाहिजे. म्हणजे अख्ख्या घराला दिवसाला 58 रुपयेही पडता कामा नयेत. लाडक्या बहिणीला हीच मर्यादा अडीच लाख आहे. बहीण लाडकी, आई मात्र दाखल्यावर उपाशी असली पाहिजे! एवढ्या पैशात घर चालत नाही हे दाखला मागणाऱ्याला ठाऊक, देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक. तरी तो दरवेळी नवा लागतो.

वयाची अट 65. तिची अडचण नाही. आमच्या गावची म्हातारी पिढी, आधारवर विश्वास ठेवायचा तर, जवळजवळ सगळी 1 जानेवारीलाच जन्मली आहे. त्या दिवशी सुईणीची काय तारांबळ उडाली असेल!

सेवा वेळेत मिळावी म्हणून 2015 पासून लोकसेवा हक्काचा कायदाही आहे. "आपली सेवा आमचे कर्तव्य" हे ब्रीद आजीला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "आपली म्हंजी कुणाची?" मी अर्ज लिहिणारा माणूस, व्याकरण कच्चं. उत्तर देता आलं नाही.

तरी मेहरबानांस विनंती, की पुढच्या वेळी गुण द्यायला येणाऱ्या साहेबांनी मांजरसुंब्याहून वळून नेकनूरला यावं. येताना नवी खुर्ची, थंड पाणी काही आणू नये. एक असा माणूस आणावा, जो आजीकडे बघून ती जिवंत आहे असं स्वतःच्या सहीनं लिहून देईल.

कळावे,
अर्जदाराकरिता.

सोबत : अर्जदाराच्या डाव्या हाताचा अंगठा. उमटलेला न दिसल्यास शाईचा दोष समजू नये.