तोतया आणि अशोक कुमार

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हा त्याला खटपट फार पडली. चेहरामोहरा जुळवायचा, माणसं फितवायची, किल्ले घ्यायचे, आणि एवढं करून १७७६ साली देहान्त शिक्षा भोगायची. शिवाय बिचाऱ्याला भाऊसाहेबांची अब्रू शाबूत हवी होती, कारण तीच तर पांघरायची होती. आजच्या तोतयाला ती पांघरायची नसते, फाडायची असते. समजा, एखाद्या शिक्षिकेचा स्नेहसंमेलनातला फोटो उचलला (शेजारणीचं कोपर कातरायचं तेवढं राहिलं), आडनावात एक अक्षर वाढवलं, आणि रात्री अकरा वाजता पालकांना बाईंच्या नावाने घाणेरडे मेसेज सुटले. दहा मिनिटांचं काम. सकाळी बाई स्टाफरूममध्ये शिरतात आणि गप्पा थांबतात.

कायदा आहे ना? आहे की. तोतयेगिरी करून फसवणूक: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ (डी) खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड, भारतीय न्याय संहितेच्या ३१९ खाली पाच वर्षांपर्यंत. पण फसवणुकीची व्याख्या वाचा. मालमत्तेचा व्यवहार नसेल, तर जो फसला त्याच्याच शरीराला, मनाला, प्रतिष्ठेला किंवा मालमत्तेला इजा पोहोचावी, निदान पोहोचण्याचा संभव तरी असावा लागतो. आणि या सगळ्या प्रकरणात मुळीच न फसलेली अशी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे खुद्द बाई! ते अकाउंट आपलं नाही, हे त्यांच्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नसतं. फसले पालक, आणि त्यांचं गेलं काय, तर एका रात्रीची झोप. बरं, ओळख चोरल्याचं ६६ (सी) लावावं, तर तिथे कृत्य ‘अप्रामाणिकपणे’ किंवा ‘कपटाने’ केलेलं लागतं. आणि कायद्याच्या कोशात अप्रामाणिकपणा म्हणजे मालमत्तेचा गैरलाभ किंवा गैरहानी. छदाम न घेता केलेला निव्वळ दुष्टपणा या हिशेबाने प्रामाणिकच! एवढ्या फटीतून बचावाचा वकील वरात काढील. उरलं न्याय संहितेतलं बदनामीचं ३५६. ते अदखलपात्र, म्हणजे बाईंनी स्वतः मॅजिस्ट्रेटपुढे फिर्याद न्यायची, आणि आरोपी कोण हेही बहुधा स्वतःच हुडकायचं.

मग योग्य कलम कोणतं? ३३६ चं पोटकलम ४, म्हणजे लौकिकाला बट्टा लावण्यासाठी केलेलं बनावटीकरण. जुन्या दंडसंहितेत हेच ४६९ होतं. इथे कोण फसलं, किती रुपये गेले, असल्या चौकश्या नाहीत. दुसऱ्याच्या नावाने कपटाने खोटा इलेक्ट्रॉनिक अभिलेख केला आणि हेतू त्याचं नाव खराब करण्याचा होता, एवढं पुरे. गुन्हा दखलपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. हे कागदावरचं पांडित्य नव्हे. चेन्नईत २००४ साली एका घटस्फोटित महिलेच्या नावाने खोटं ई-मेल खातं काढून याहूच्या ग्रुपवर अश्लील मजकूर टाकला गेला, तिला अनोळखी पुरुषांचे फोन येऊ लागले. त्याच वर्षी आरोपी दोषी ठरला, आणि लागलेल्या कलमांत ४६९ होतं. तेव्हा तक्रार लिहून घेताना ‘पैसे किती गेले?’ याआधी ‘नाव कोणाचं वापरलं?’ हे विचारलं, तरी निम्मं काम होईल.

पोलिसांच्या हाती आणखी एक दांडकं कशाला, असं कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. २०१२ साली फेसबुकवरच्या मजकुरापायी पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, ती आपण विसरलेलो नाही. तिथे वापरलेलं ६६ (ए) सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं ते बरंच झालं. पण त्या मुली आपल्या नावाने बोलल्या होत्या. तोतया दुसऱ्याच्या तोंडाने बोलतो. त्याला आवरलं म्हणून कोणाचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य जातं? गेलंच असेल तर बाईंचं, त्यांच्या तोंडी नको ते घातलं गेलं तेव्हा. राहिली विडंबनाची अकाउंटं. त्यांची काळजी या सदराला स्वार्थापोटी आहेच. पण विडंबन ओळखू यावं म्हणूनच केलेलं असतं, आणि बनावटीकरणाला तर लोकांनी ते खरं मानावं हा हेतू लागतो. वाचकाने सदरलेखकाला पंतप्रधान समजावं, अशी सदरलेखकाची इच्छा नसते. (निदान छापील तरी नसते.)

दिवाणी न्यायालयाची वाट मोकळी आहे, पण दाव्याला प्रतिवादीचं नाव लागतं. तोतयाचं खरं नाव तर कोणालाच माहीत नाही! त्यावर तोड निघालेली आहे: अमेरिकेत अशा अज्ञाताला ‘जॉन डो’ म्हणतात, आपल्याकडे कागदोपत्री त्याला ‘अशोक कुमार’ म्हणायची पद्धत आहे. म्हणजे बाईंचं नाव चोरणाऱ्याविरुद्ध उभं राहायचं, तर आधी आणखी एक नाव उसनं घ्यायचं. आता देशभरातल्या खऱ्याखुऱ्या अशोक कुमारांनी दाद कोणत्या कलमाखाली मागावी?