बोर्ड बदलला, माणूस परका

आत्मा नेमका कुठे असतो, यावर आपल्याकडे हजारो वर्षं वाद झडले. सॉफ्टवेअर कंपन्यांनी तो एका फटक्यात मिटवला. आत्मा मदरबोर्डात असतो. रॅम वाढवा, मॉनिटर बदला, नवा कीबोर्ड आणा, कोणी हूं की चूं करत नाही. बोर्ड बदलला की मात्र तुम्ही मेलात. पुढचा जन्म वेगळा, आणि मागच्या जन्मी रोख पैसे मोजून घेतलेलं लायसन्स या जन्मी चालत नाही.

हे ज्ञान मला वळवाच्या पावसाने दिलं. पुण्यालगतच्या आमच्या सूसच्या खिंडीकडून आभाळ भरून आलं, वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि परत येताना जरा जास्तच आली. गावठाणातला आमचा हार्डवेअरवाला पोरगा भिजत आला, कॅबिनेट उघडलं, फुगलेल्या कपॅसिटरांवर टॉर्च मारला आणि म्हणाला, "काका, बोर्ड गेला. तपकीर गल्लीतून दुसरा आणतो. पण याला तुमचा प्रोसेसर बसायचा नाही, रॅमही बसायची नाही." म्हणजे राहिलं काय? हार्ड डिस्क आणि पत्र्याचा डबा.

मी डीटीपीवाला. लग्नपत्रिका, स्मरणिका, अहवाल आणि गणपती उठले की दिवाळी अंक. युनिकोड रुळण्याआधी मराठीतल्या प्रत्येक फाँट कंपनीचं अक्षरांचं गणित वेगळं होतं. एकीच्या फाँटात लिहिलेलं दुसरीच्या फाँटात उघडलं की वधूच्या नावाच्या जागी डॉलर, चौकटी आणि उलटी प्रश्नचिन्हं. माझं वर्षानुवर्षांचं काम अशा जुन्या फाँटांत अडकलेलं आहे. फाँटांचं सॉफ्टवेअर ॲक्टिव्हेट झालं नाही तर फाइल उघडते, पण मराठी उघडत नाही.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. सॉफ्टवेअरबरोबर लॉक यायचं, म्हणजे डोंगल. प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं, वर प्रिंटरची वायर लावायची. मशिन बदललं की लॉक उपटायचं, नव्यात खोचायचं, चहा प्यायचा. लॉक हरवलं तर मात्र रडायचं, हेही खरं. पण रडायचं तरी कशासाठी ते दिसत होतं.

मग २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि ॲक्टिव्हेशन घरोघरी पोचलं. ते संगणकाच्या दहा भागांची नोंद घ्यायचं: प्रोसेसर, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड, रॅम किती, सीडी ड्राइव्ह कोणता वगैरे. एखाददुसरा भाग बदलला तर कानाडोळा. फारच बदलले की फोन लावा. फोनवर ५४ आकडे वाचून दाखवायचे, त्या बदल्यात पलीकडून ४२ आकडे मिळायचे, ते टिपून घ्यायचे. नेमकं तेव्हाच दारावर भाजीवाली यायची. पलीकडचा आवाज आणखी एक प्रश्न विचारायचा: ही प्रत किती संगणकांवर बसवली आहे? बरोबर उत्तर 'एक'. जुनं मशिन मेलं आहे, नवं जन्मलं आहे, डिस्क तीच आहे, मग एक की दोन, असा विचार करत बसणारा माणूस तिथेच गारद व्हायचा.

माझ्या फाँटवाल्या कंपनीकडे असला तात्त्विक प्रश्न नव्हता. हेल्पलाइनवरच्या मॅडम फार गोड होत्या.

"सर, आधी जुन्या मशिनवरून लायसन्स डीॲक्टिव्हेट करा."

"जुनं मशिन जळालंय."

"हो सर. ते चालू करून मेनूत गेलात की ऑप्शन दिसेल."

मी सांगितलं, मॅडम, चालू झालं असतं तर मी तुम्हाला कशाला त्रास दिला असता. त्यांनी बिल मागितलं. बिल सापडलं, तर पत्ता जुळेना. बिलावर ग्रामपंचायतीच्या काळातला पत्ता, मु. पो. सूस, ता. मुळशी. नंतर कधीतरी कंपनीकडच्या माझ्या खात्यात तो पुणे शहर झालेला. आता ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत तेवीस गावं गेली, त्यात आमचं सूस गेलं, यात माझा काय गुन्हा? महसुली कागदावर आम्ही अजून मुळशीतच आहोत, पण पाण्याची तक्रार महापालिकेकडे. मॅडमना म्हटलं, गावाचाच बोर्ड बदललाय हो! त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, त्याचा सिरियल नंबर आहे का?"

हा संवाद चालू असताना आमचे बाबा पलीकडे खुर्चीत बसून मजा बघत होते. वय ब्याऐंशी. दोन्ही गुडघे नवे, दोन्ही डोळ्यांत लेन्स, वरची-खालची बत्तिशी दवाखान्यातली, छातीत पेसमेकर. एक्सपीच्या हिशोबाने बाबा कधीच बाद झाले असते. पण दर नोव्हेंबरात ते मोबाइलसमोर बसतात, डोळे मिचकावतात आणि सरकार त्यांची पेन्शन चालू ठेवतं. जीवन प्रमाण ही सरकारी सोय २०१४ मध्ये सुरू झाली, २०२१ पासून चेहरा दाखवूनही हयातीचा दाखला देता येतो. बाबा कवळी न लावता बसले तरी चालतं. कोणी त्यांना म्हणत नाही की आधी जुन्या गुडघ्यांवरून डीॲक्टिव्हेट करा.

शेवटी कंपनीने जळक्या बोर्डाचा फोटो मागवला, सिरियल नंबर दिसेल असा. हार्डवेअरवाल्या पोराने बोर्ड भंगाराच्या पोत्यातून शोधून, पुसून, उजेडात धरला. संध्याकाळी नवी की आली. वधूंची नावं मराठीत परतली.

तुमचं मशिन आज धडधाकट असेल तर हे आजच करा. लायसन्स की आणि बिल कागदावर छापून संगणकाच्या बाहेर ठेवा. विंडोज १० किंवा ११ असेल तर लायसन्स तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून घ्या, ही सोय २०१६ पासून आहे. मशिनबरोबर आलेलं विंडोज सहसा त्याच बोर्डाबरोबर जातं, वेगळं विकत घेतलेलं दुसरीकडे नेता येतं, तेव्हा तुमचं कोणतं ते बघून ठेवा. आणि ज्या सॉफ्टवेअरला सरेंडर किंवा डीॲक्टिव्हेटचा ऑप्शन आहे, त्यात तो बोर्ड बदलण्याआधी दाबा. तो ऑप्शन सहसा चालू मशिनवरच दिसतो. आणि जळका बोर्ड निदान आठवडाभर तरी भंगारवाल्याला देऊ नका.