पडद्याआडचे अशोक कुमार

1982 साली ‘हूइज’ नावाची यादी सुरू झाली तेव्हा इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटवर माणसं मोजकीच होती. कोणी विद्यापीठातलं, कोणी संरक्षण खात्याच्या संशोधनातलं. प्रत्येकानं नाव, पत्ता, फोन नंबर द्यायचा आणि ज्याला हवा त्यानं बघायचा. सगळा सज्जनांचा कारभार. पुढे ती वेबसाइटच्या मालकांची यादी झाली; तीत व्यापारी आले, कवी आले, भामटेही आले, पण यादी आपली तशीच उघडी. वर नियम असा की, खोटी माहिती दिलीत तर डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, काढून घेऊ. भामट्यांनी अर्थातच खोटी दिली. खरी दिली ती आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी.

2017 साली त्यांनी घरगुती फराळाच्या धंद्यासाठी डॉट कॉम घेतलं. फॉर्म भरताना फ्लॅट नंबर तर दिलाच, शिवाय ‘मारुती मंदिराच्या मागे’ हेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी दात घासत असतानाच पहिला फोन: “सर, वेबसाइट बनवून देऊ?” दुपारी दुसरा, “सर, लोगो?” संध्याकाळी तिसऱ्यानं गूगलवर पहिला नंबर मिळवून द्यायची हमी दिली. चकल्या कोणीच मागितल्या नाहीत.

मे 2018 मध्ये युरोपात जीडीपीआर हा खासगी माहिती जपण्याचा कायदा लागू झाला आणि दंडाच्या धाकानं यादीवर पांघरूण पडलं. नाव, पत्ता, फोन, सगळं गोपनीय. उघडं काय, तर राज्य महाराष्ट्र, देश भारत. बसा शोधत सव्वाअकरा कोटींत, तेही 2011 च्या जनगणनेतल्या.

एवढ्यानं ज्यांना झोप लागत नाही त्यांच्यासाठी प्रॉक्सी सेवा असते. तुमच्या जागी तिचं नाव, तिचा पत्ता. अशा एका सेवेचा पत्ता आइसलँडमध्ये, रेक्याविकच्या एका इमारतीतला आहे. कितीतरी वेबसाइटी कागदोपत्री तिथे नांदतात, गृहस्थांच्या आणि ठकसेनांच्याही. त्याच इमारतीत पुरुषेंद्रियांचं संग्रहालय आहे. म्हणजे जे झाकून ठेवायचं ते तिकीट लावून मांडलंय, आणि वेबसाइटच्या मालकाचं नाव तेवढं झाकलंय.

मग नकली वेबसाइटवर खटला भरायचा तो कोणावर? दिल्ली उच्च न्यायालयात अशा अज्ञात प्रतिवादीला ‘अशोक कुमार’ म्हणतात. (खऱ्याखुऱ्या अशोक कुमारांच्या गोपनीयतेचं काय, हे कोणी विचारलेलं दिसत नाही.) आपल्या डॉट इनवर मात्र प्रॉक्सीला मनाई. देशी पाटी हवी तर स्वतःच्या नावानं लावा. परदेशी पाटीआड खुशाल लपा.

सेक्रेटरींनीही पडदा घेतला. फुकट आहे म्हटल्यावर आधी संशय आला, पण मग निर्धास्त झाले. “आपली माहिती म्हणजे आपली अब्रू,” असं सगळ्यांना बजावून त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या भाडेकरूचं आधार कार्ड टाकलं. दोन्ही बाजू. मागची जरा पुसट आली, म्हणून ती पुन्हा एकदा.