केसांना केस विकण्याची पहिली पायरी
(पार्लरमध्ये नुकत्याच लागलेल्यांसाठी)

मॅडम खुर्चीत बसल्या की लगेच बोलू नका. केसांची एक बट बोटांत धरा, उजेडाकडे न्या आणि उसासा टाका. मग म्हणा, "सिस्टीन फारच कमी झालंय हो." वाक्य पाठ करून ठेवा. केराटिनला लोक आता सरावलेत, सिस्टीन अजून खपतं.

ते खरंच कमी झालं का, हे मोजायचं यंत्र तुमच्याकडे नाही आणि मॅडमकडेही नाही. बिनघोर राहा. तुमच्यापुरतं सांगतो: केसाच्या वजनाचा साधारण सातवा भाग याच अमिनो आम्लाचा. त्याचे रेणू गंधकाच्या दुव्याने दोन-दोन जोडलेले असतात, म्हणून केस इतका चिवट. आणि डोक्याबाहेर आलेला केस मेलेला असतो. तरीही शब्द वापरायचा तो 'पोषण'.

"हे येतं कुठून?" असं विचारणारी एखादी निघतेच. "नैसर्गिक आहे" म्हणा आणि थांबा. पुढचं खरं असलं तरी सांगण्याजोगं नाही. माणसाचे केस, नाहीतर बदकाची पिसं, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात तासन्‌तास उकळायची, मग आम्ल मारायचं, की हे तळाशी बसतं. टोपांना निरुपयोगी असे आखूड केस या कामी येत आलेत. म्हणजे केसांतून काढलेलं केसांनाच, चार आकडी बिल लावून. वोलास्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाला १८१० मध्ये ते प्रथम सापडलं तेही मूतखड्यात. हे तर मालकिणीलाही सांगू नका.

सिस्टीनचं खरं कसब बघायचं असेल तर पर्मिंग बघा. ते गंधकाचे दुवे सोडवतं, तुम्ही रोलर गुंडाळता, वरून हायड्रोजन पेरॉक्साइड लावलं की दुवे नव्या जागी पक्के होतात. बेकरीवालेही कणीक सैल करायला हेच घालतात, पाकिटावर ई९२० असा आकडा टाकून. (माणसाच्या केसांपासून केलेलं मात्र युरोपात खाण्यात चालत नाही.)

केस सरळ करायच्या बाटलीची गोष्ट वेगळी. पुढे मोठ्या अक्षरांत सिस्टीन असतं. मागे बारीक अक्षरांत ग्लायऑक्झिलिक आम्ल दिसलं, तर मुख्य काम त्याचं. ते तापलं की फॉर्मॅल्डिहाइड सुटू शकतं. म्हणून स्ट्रेटनर फिरवताना खिडकी उघडा आणि मॅडमचे डोळे चुरचुरले तर काम थांबवा. इथे थट्टा नाही.

शेवटचा प्रश्न चतुर्थीला हमखास येतो: "यात मांसाहारी काही नाही ना?" आता जिवाणूंकडून, साखरेवर वाढवूनही सिस्टीन करतात. बाटलीवर तसं लिहिलं असेल तर बोट ठेवून दाखवा. नसेल, तर मॅडमसाठी चहा सांगा.