बाटली टाकायची नसते

नवी मुंबईतल्या उलव्यात राहून जुन्या वस्तू जमवायच्या हा मुळातच उफराटा उद्योग. इथं सगळंच नवं. सेक्टर नवे, टॉवर नवे, बामणडोंगरी आणि खारकोपर ही स्टेशनं 2018ची. उलव्याची टेकडी विमानतळाच्या आड येत होती, तर तीही कापून सपाट केली. आता तिथून विमानं उडतात. जिथं डोंगराची गय झाली नाही तिथं मी काचेच्या जुन्या बाटल्या शोधत फिरतो.

विलायतेत या छंदाची रीत सोपी आहे. कुदळ-फावडं घ्यायचं, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला कचऱ्याचा ढीग गाठायचा आणि उकरायचं. औषधाच्या, शाईच्या, जिंजर बिअरच्या बाटल्या अख्ख्या निघतात, कारण त्यांच्या पणजोबांनी त्या रिकाम्या झाल्या की खुशाल फेकल्या. आपल्याकडे असा ढीग कुठून मिळायचा? मराठी घरात बाटली रिकामी अशी कधी झालीच नाही. औषध संपलं की एरंडेल, एरंडेल संपलं की रॉकेल, रॉकेल संपलं की फिनेल. गंगाजलाची बाटली मात्र पहिल्यापासून वेगळीच होती, असं प्रत्येक घरात शपथेवर सांगतात. गीतेतला आत्मा देह बदलतो. आमच्या बाटलीचा देह तोच राहतो आणि आत्मे बदलत जातात.

शेवटी ती दारावर येणाऱ्या रद्दी-बाटलीवाल्याकडे जाई, तेही फुकट नाही. या धंद्याला हसू नये. जमशेटजी जीजीभाईंनी उमेदवारी केली ती फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला या मामांकडे. मामांचा व्यापार रिकाम्या बाटल्यांचा, आडनावही त्यावरूनच पडलेलं. पुढं मामा सासरे झाले, जमशेटजी चीनच्या व्यापारात गडगंज झाले, ‘सर’ झाले आणि 1845 साली मुंबईत जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. मी ही हकीकत घरी अनेकदा सांगतो. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे आणि अडकित्ते जमवून संग्रहालय उभारलं, हेही सांगतो. “अहो, त्यांना वाडा होता,” घरातून उत्तर येतं. “आपल्याला एक बाल्कनी आहे आणि तिच्यात वॉशिंग मशीन.”

बाटलीचं वय ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. ती उजेडात धरून साच्याची शिवण बघायची. अंगावरून चढत आलेली ही बारीक रेघ मानेवरच विरली तर तोंड बहुधा हातानं घडवलेलं. थेट ओठावरून पलीकडे गेली तर यंत्राचं काम. बाटल्या करणारं ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र 1903चं, आणि आपल्याकडे ते यायला आणखी वेळ लागला. काचेत हिरवट झाक असेल तर ती वाळूतल्या लोखंडाची. आत बुडबुडे अडकलेले असतील तर मला विशेष आनंद होतो. माणशी एकेक पैसा मागून 1908 साली उभ्या राहिलेल्या तळेगाव दाभाड्याच्या पैसा फंडाच्या कारखान्यात कुणीतरी गाल फुगवून तो श्वास आत सोडला असेल, असं मी मनाशी ठरवून टाकतो. पुरावा काही नसतो.

गोटी सोड्याची बाटली मात्र पुरावा मागत नाही. हायरम कॉड या इंग्रजानं तिचं पेटंट 1872 साली घेतलं. आतल्या वायूच्या दाबानं गोटी वरच्या रबराच्या कडीला घट्ट चिकटते, म्हणून ती भरायची उलटी धरून. मानेला दोन खळगे असतात. पिताना गोटी तिथं अडकते आणि धार मोकळी राहते. बूच लागत नाही, सांडत नाही. कॉडसाहेबानं सगळा विचार केला होता, फक्त गोट्या खेळणारी पोरं धरली नव्हती. गोटीपायी किती बाटल्या दगडावर आपटल्या गेल्या याची गणती नाही.

त्याच 1872 साली इथं जवळच, पनवेलात, कृष्णशास्त्री पुराणिकांनी श्री धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना सुरू केला. त्यांच्या आसव-अरिष्टाची एखादी जुनी बाटली मिळावी, ही माझी इच्छा. पण लेबल कागदाचं. पहिल्या धुण्यातच गेलं. कदाचित मिळालीही असेल, मला कळलं नसेल.

गव्हाणच्या एका आजींकडे अशीच एक आहे: चपटी, हिरवट, शिवण मानेवरच थांबलेली. तिच्यात गुडघ्यांना लावायचं वाताचं तेल. मी पैसे काढले. “रिकामी बाटली कनाला पायजे तुला?” आजींनी विचारलं. व्हिक्टोरिया, शिवण, बुडबुडे, सगळं सांगून झालं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि व्यवहार सांगितला: पैसे नकोत, बदली बाटली हवी. प्लॅस्टिकची नेली, तर तेलाला वास लागतो म्हणून परत केली. मग कोल्ड कॉफीची जाड काचेची नेली. झाकण फिरवून बघितलं, उलटी करून बघितली, नखानं टिचकी मारली. मी जुन्या बाटलीला लावतो त्याहून कडक परीक्षा होती ती. पास झाली. आता तेल ओतून घ्यायला नरसाळं सापडत नाही म्हणून सौदा अडलाय, आणि दरम्यान सुकटीसाठी रुंद तोंडाची एक बरणीही अटीत आली आहे.