नशा नव्हे, स्टेशनरी!

क्रूझवर छापा पडला की चॅनेलवाले तीन आठवडे जेवत नाहीत. कोण आलं, कोणासोबत आलं, बूट कुठल्या कंपनीचे होते, सगळं आपल्याला पाठ. फलाटाच्या टोकाला रुमाल नाकाशी धरून बसलेल्या पोराचं मात्र नावही कुणाला ठाऊक नसतं.

त्याचा रुमाल कंपनीचा नसतो ना!

रुमालात असतं तरी काय? पंक्चर काढायचं सोल्युशन, थिनर, नाहीतर व्हाइटनर. ना तस्कर, ना बोट, ना कोडवर्ड. पुरवठादार कोण म्हणाल तर कोपऱ्यावरचा सायकलवाला, हार्डवेअरवाला आणि वह्या-पुस्तकांचं दुकान. मागितलं तर पक्कं बिलसुद्धा मिळेल.

अमली पदार्थांचा कायदा १९८५चा. गांजा, चरस, अफू, हेरॉइन, यादी हातभर. सोल्युशन-थिनरमधलं टोल्युइन त्यात नाही. असणार कसं? उद्या गावातले सगळे रंगारी आत जायचे! म्हणजे कायद्याच्या लेखी ही नशाच नाही. आणि नशाच नाही म्हटल्यावर नशेकरी पोरगं तरी कुठून असणार?

सरकार झोपलं होतं असं मात्र म्हणू नका. २०१२मध्ये केंद्राने बाटलीतल्या व्हाइटनरवर आणि थिनरवर बंदी आणली. विकायचंच तर पेनासारख्या साधनातून, थोडंथोडं, वर इशारा छापून. इशारा उत्तम आहे. तो वाचायला आधी शाळेत जावं लागतं, एवढीच अडचण. शिवाय सोल्युशन आहेच की. पंक्चर काही पेनाने निघत नाही.

दिल्लीच्या एम्सने २०१९मध्ये देशातल्या व्यसनांचा हिशेब मांडला. बाकी सगळ्या नशांत मोठी माणसं पुढे. हुंगायच्या नशेत तेवढी पोरं पुढे! मोठ्यांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७. मदतीची गरज असलेली मुलं ४ लाख ६० हजार. अशी मुलं ज्या राज्यांत जास्त, त्यांत उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि लगेच आपण.

पुरोगामी राज्य आहे. मागे राहून कसं चालेल?

बरं, पोरं हुंगतात का? वाफ मेंदूत पोचायला काही सेकंद लागतात, उतरायला काही मिनिटं. म्हणून रुमाल दिवसभर. भूक मरते, थंडी कळत नाही, काल रात्री कुणी मारलं तेही पुसट होतं. घर नसलेल्या पोराला एवढं सगळं आणखी कोण देतं? एखाद्याच्या हृदयाचा ठोका चुकतो आणि पहिल्याच खेपेला कारभार आटोपतो. त्याचीही बातमी येते. ‘अनोळखी मृतदेह’, दोन ओळी, आतल्या पानावर.

‘आमच्याकडे नाही हो असलं काही.’ बरोबर. आमच्याकडे बाथरूममधला डिओ चार दिवसांत संपतो आणि आई कौतुकाने म्हणते, ‘वयात आलाय!’

ऑस्ट्रेलियात दुर्गम वस्त्यांमधली मूलनिवासी पोरं पेट्रोल हुंगायची. २००५पासून तिथे ‘ओपल’ नावाचं पेट्रोल आलं. गाडी चालते, झिंग चढत नाही. हुंगणाऱ्यांची संख्या घटली. चमत्कार नाही, नुसतं रसायन बदललं. आपल्याकडे पाण्यात केलेलं व्हाइटनर बाजारात आहेच. ते वाळायला जरा वेळ लागतो म्हणतात.

आणि आपल्याला तर केवढी घाई!

म्हणून आपण रसायन नाही, पोस्टर बदलतो. २६ जून, अमली पदार्थविरोधी दिन. यंदा एका शाळेने मला चित्रस्पर्धेचा परीक्षक केलं. शाल मिळाली, नारळ मिळाला. पन्नासेक चित्रं असतील. इंजेक्शनची सुई, कवटी, सिगारेट, दारूची बाटली आणि सगळ्यांवर लाल फुली. रुमाल एकातही नव्हता.

पहिल्या बाकावरची मुलगी रडवेली झाली होती. ‘व्यसनमुक्ती’तला मु तिने दीर्घ काढला होता, तोही स्केचपेनने. बाई धावत आल्या आणि पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘रडतेस काय वेडे? व्हाइटनर आहे ना!’